शमीम आपांना न पटलेला शेवट

आमच्या वॉर्डन शमीम आपा हजेरी घेताना आमच्याकडे बघायच्या नाहीत. लातूरच्या ट्यूशन एरियातलं आमचं होस्टेल तीन मजली होतं. संध्याकाळी सात वाजता त्याच्या अंगणात आम्ही एकतीस मुली रांगेत उभ्या राहायचो, आणि आपा आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून नावं पुकारायच्या. नाव घेतल्यावर नुसतं ‘हजर’ म्हणून भागायचं नाही. काहीतरी बोलावं लागायचं. ‘आज डोकं दुखतंय’, ‘भाजीत मीठ जास्त होतं’, काहीही. मालकांनी दाराशी अंगठा लावायचं मशीन बसवलं होतं. पण आपांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

“अंगठा काय, मेलेल्याचा बी उठतो,” त्या म्हणायच्या. “मला आवाज पायजे.”

मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन होते. दहावीला मार्क चांगले पडले, आणि आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी डॉक्टर होणार. एका जूनमध्ये वडील मला लातूरला सोडून गेले. गेटबाहेर जाईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी रडत उभी होते. तेवढ्यात एक उंच, सडपातळ बाई आली, माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “दोन-सहा.” मला कळेना. ते माझ्या बांगडीचं माप होतं. ती बाई म्हणजे आपा, मणियारांच्या घरातल्या. बांगड्या भरण्यात बालपण गेलेलं. पुढे दिवाळीआधी त्यांनी पुन्हा एकदा माझा हात धरला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “दोन-चारवर आलीस. जेवून नाही राहिली तू.” त्या दिवसापासून माझ्या ताटात एक भाकरी जास्त पडू लागली, आणि ती संपेपर्यंत आपा समोरून हलायच्या नाहीत.

तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. लग्न झालेलं नव्हतं. डोक्यावर पदर, चालणं भरभर. त्यांचे काही नियम होते आणि त्यांना अपवाद नव्हता. खोलीचं दार लोटायचं, कडी लावायची नाही. चप्पल दाराबाहेर नाही, उशाशी ठेवायची. चाचणीत कमी मार्क आल्यावर कोणी तोंड लपवून बसली तर म्हणायच्या, “मार्काला पाय असतात बाई. आज गेले, उद्या येतील. तू ऊठ, तोंड धू.” आणि एक गोष्ट आम्हा सगळ्यांना चेष्टेची वाटायची. आपा जिना चढायच्या नाहीत. वर काही काम असलं की खालून हाका मारायच्या. स्वतः झोपायच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. लातूरच्या उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापायची, तरी स्लॅबखाली झोपायला त्या तयार नसत.

त्या किल्लारीकडच्या आहेत एवढं आम्हाला माहीत होतं. पण लातुरात चाळिशीपुढच्या प्रत्येकाजवळ भूकंपाची एक हकिगत असते. रिक्षावाल्याजवळ, मेसच्या काकूंजवळ, फिजिक्सच्या सरांजवळ. आम्ही त्या इतक्या ऐकल्या होत्या की आपांना कोणी काही विचारलंच नाही.

माझ्या खोलीत पल्लवी होती. लातूरजवळच्या मुरुडची, वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. तिला बायोलॉजीतलं फक्त एक आवडायचं, आकृत्या. बेडकाचं हृदय ती असं काढायची की आता उडी मारेल. बाकी वेळ तिच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर मांत्रिक असायचे. त्या वर्षी एका जपानी ॲनिमेनं आमच्या मजल्याला वेड लावलं होतं. मांत्रिकांची एक शाळा, तिथे शिकणारी मुलं, आणि त्यांच्या शहराच्या पोटात, जमिनीखाली वाढत चाललेलं काहीतरी. नायिकेचं नाव जपानी आणि अवघड होतं, म्हणून आम्ही तिला वेणीवाली म्हणायचो. ती आपल्या लांब वेणीतले केस उपटून त्यांच्या गाठी मारायची, आणि प्रत्येक गाठीत एक मंत्र अडकायचा. पल्लवीला त्या सगळ्या गाठी पाठ होत्या. पेशीतल्या घटकांची नावं मात्र राहत नव्हती.

फोन आपांच्या ट्रंकेत असायचे. रविवारी सकाळची चाचणी झाली की दुपारी दोन ते चार मिळायचे. घरी बोलून झालं की आम्ही सगळ्या पल्लवीच्या फोनभोवती जमायचो. आपांनी एकदा मागून वाकून पाहिलं. पडद्यावर वेणीवाली एका काळ्या धुरासारख्या प्राण्याला गाठीत आवळत होती.

“काय बगून राहिल्या ग? भानामती का?”

“तसंच समजा आपा,” पल्लवी म्हणाली. “पण ही लोकांना वाचवते.”

“वाचवणारी भानामती मी न्हाई बगितली कधी,” असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या. पण त्यानंतर दर रविवारी त्यांचं सूप आमच्यापासून चार हातांवर असायचं.

शेवटाच्या आधीच्या एपिसोडमध्ये कळलं की जमिनीखालचं ते जे काही आहे, ते मेलेल्यांच्या आवाजात बोलतं. ज्यानं त्या हाकेला ओ दिली, त्याला ते खाली ओढून घेतं. वेणीवालीचा धाकटा भाऊ पहिल्याच भागात दगावला होता. तो एपिसोड संपला तेव्हा जमिनीतल्या भेगेतून त्याच भावाची हाक आली, आणि पडदा काळा झाला. तो आठवडा आम्ही कसा काढला ते विचारू नका. ती ओ देणार की नाही यावर मेसमध्ये दोन गट पडले होते. पल्लवीचं म्हणणं, देणार नाही. मांत्रिकाचा पहिला नियमच तो आहे.

त्या रविवारी ठरलं होतं की तीन वाजता अंगणात बसून सगळ्यांनी मिळून शेवटचा एपिसोड पाहायचा. पण पल्लवीला धीर निघाला नाही. अडीचच्या सुमारास ती मला म्हणाली, “मी फक्त सुरुवात बघते, कोणाला सांगू नको,” आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रीडिंग रूममध्ये गेली. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते.

आधी मला वाटलं, मागच्या रस्त्यानं मोठा ट्रक चाललाय. मग मेसमधल्या ताटांच्या रॅकचा खडखडाट सुरू झाला. दोरी हातात आपोआप हलली. तळपायाखाली कोणीतरी जातं फिरवतंय असं वाटलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मुली एकमेकींकडे बघत जागच्या जागी उभ्या होत्या, आणि तेवढ्यात आपांचा आवाज आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

“भाईर! सगळ्या भाईर! काय बी घेऊ नका!”

समोर एक रिकामा प्लॉट होता. तिथे आम्ही पळालो. कोणी ओल्या केसांनी, कोणी एका पायात चप्पल घालून. आपांनी पाठ केली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. कोणी नुसतंच ‘आपा’ म्हणाली, कोणी रडून उत्तर दिलं. पल्लवीचं नाव आलं. उत्तर नाही. आपांनी पुन्हा घेतलं. मग त्या वळल्या.

“कुठं हाय ती?”

मी म्हणाले, “वर रीडिंग रूममध्ये. कानात हेडफोन आहेत आपा, तिला ऐकू येत नसेल. मी आणते.”

मी एक पाऊल पुढे टाकलं, तोच आपांनी माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. “तू हलायचं न्हाई.” मी बसले. त्यांनी अडवलं नसतं तरी मी गेले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. कोणीतरी अडवल्याचं मला बरं वाटलं होतं.

आपा रस्ता ओलांडून गेटमधून आत गेल्या. मोकळ्या जिन्याच्या जाळीतून त्यांची निळी साडी आम्हाला दिसत होती. पहिला मजला. दुसरा. त्या पळत नव्हत्या, पण कुठे थांबतही नव्हत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असताना जमीन पुन्हा एकदा हलली. अगदी हलकी, पण मुली किंचाळल्या. साडी तिथेच थांबली. मला वाटलं, आता परत फिरतील. त्या वर गेल्या.

वर काय झालं ते पल्लवीनं मला नंतर सांगितलं. आपा दारात आल्या, तिच्या कानातले हेडफोन ओढून काढले आणि एक थप्पड मारली. मग म्हणाल्या, “चल.” आणि स्वतः हलल्याच नाहीत. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. बोटं पांढरी पडली होती. पल्लवीनं एकेक बोट सोडवलं. जिन्याशी आणलं, तर आपांचा पाय खालच्या पायरीवर पडेना. मग पल्लवी त्यांच्या दोन पायऱ्या खाली उभी राहिली. म्हणाली, “आपा, पायरीकडं बघू नका. माझ्याकडं बघा. आता बसा. बसून उतरू.” आम्हाला खालून दिसलं ते एवढंच. सतरा वर्षांची पल्लवी उलटी, पाठमोरी उतरतेय आणि आपा लहान मुलासारख्या बसत बसत एकेक पायरी खाली येतायत. तीन मजले उतरायला त्यांना पाऊण तास लागल्यासारखा मला वाटला. दहा मिनिटं लागली असतील.

होस्टेलला काहीही झालं नव्हतं. भिंतीचा एक टवकासुद्धा उडाला नव्हता. शहरात कितीतरी जणांना कळलंही नाही. पण वर जायची कोणाची हिंमत नव्हती. आपांनी अंगणात सतरंज्या घालायला लावल्या. सगळ्यांच्या घरी फोन झाले. मेसच्या काकूंनी चहा केला. आपांनी कप दोन्ही हातांत धरला. मग त्या म्हणाल्या, “लाव ते. काय बगत होती एवढं, मी बी बगते.”

पल्लवीनं फोन बादलीला टेकवून उभा केला. संवाद जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. आपांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या शेजारी बसून एकेक ओळ मी मराठीत सांगू लागले.

शहर अर्धं खचलेलं होतं. मांत्रिकांच्या शाळेचे गुरुजी दोन्ही हात वर करून एका कोसळत्या इमारतीला मंत्रानं सावरून उभे होते. त्यांच्या हातांना तडे जात होते, आणि मुलं खालून बाहेर पळत होती. शेवटचा विद्यार्थी बाहेर आला, तसे गुरुजी हसले आणि हात खाली सोडले. मुली हुंदके द्यायला लागल्या. आपा पापणी न हलवता पाहत होत्या. मग भेगेच्या काठावर वेणीवाली. खालून भावाचा आवाज. मी सांगत होते, “तो म्हणतोय, ताई, इथे अंधार आहे. ताई, तू आहेस ना वर?”

वेणीवालीचे ओठ हलले. पण ती काही बोलली नाही. तिनं सगळी वेणी एका झटक्यात कापली आणि शेवटची, सगळ्यांत मोठी गाठ मारली. “ताई” ही हाक अर्ध्यावर तुटली. भेग मिटली. वर कोवळं ऊन पडलं, संगीत सुरू झालं, वाचलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. आम्ही रडत रडत टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी आम्हाला तो शेवट आमचाच वाटत होता.

“तिनं ओ का न्हाई दिली?” आपांनी विचारलं.

पल्लवीनं डोळे पुसले. “आपा, दिली असती तर ती पण खाली गेली असती. नियमच तसा आहे. तो तिचा भाऊ नव्हताच, ते भूत त्याच्या आवाजात बोलत होतं.”

“आन् असता तर? तो न्हाई म्हणून तिला कसं कळलं?”

आपांनी कप बाजूला ठेवला.

“माझी भईन मेहरून,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्षांची होती. दगडमातीचं घर आमचं, वर माळवद. मी पहाटे पाण्याला उठले होते म्हणून अंगणात होते. घर असं बसलं, जसं कोणी खालून हात काढून घेतला. अम्मी तर तेव्हाच गेली. अब्बा न् भाऊ बांगड्या घेऊन बाजारच्या गावाला. मेहरून आत होती, आवाज येत होता. दगडं माझ्यानं हलेनात, मानसं आपापल्यांना काढण्यात. मी तिथंच बसून तिच्याशी बोलत होते. पाणी मागितलं न्हाई तिनं, काय न्हाई. एकच विचारायची. ‘आपा, उजाडलं का?’ मी म्हनायची, उजाडलं बाई, लई उजाडलं. थोड्या वेळानं पुन्हा, ‘आपा, उजाडलं का?’ दुपार झाली तरी तेच.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“मग पुन्हा जमीन हलली. कोणीतरी वरडलं, पळा. सगळे माळाकडं पळाले. मी बी पळाले. किती वेळ गेला असंल? तुमचं हे आता बगितलं ना, त्याच्याहून कमी. परत आले, हाक मारली. मेहरून. मेहरून. न्हाई बोलली.”

पल्लवी त्यांच्या गुडघ्याजवळ सरकली. “आपा, तुम्ही थांबल्या असत्या तर तुम्ही पण…”

“हाव. सगळे तेच म्हनतात. पळणं चूक नव्हतं, मला ठाव हाय. पण तिनं शेवटी विचारलं असंल, उजाडलं का, आन् वर कोणीच नव्हतं. हे बी खरंच हाय ना?” मग त्यांनी फोनकडे बोट केलं. “ही पोरगी जिंकली, ऊन पडलं. चांगलं झालं. पण भूत असो, भाऊ असो, ‘हाय मी इथं’ एवढं तर म्हनायचं. मग मारायची गाठ. हा शेवट मला न्हाई पटला.”

त्या दिवशी संध्याकाळची हजेरी झाली नाही. गरजही नव्हती. एकतीसही मुली आपांच्या भोवतीच बसलेल्या होत्या.

पुढच्या रविवारी पल्लवीनं ड्रॉइंगच्या एका मोठ्या कागदावर शेवट नव्याने काढून आणला. भेगेच्या काठावर वेणीवाली पोटावर पालथी पडली आहे, तोंड भेगेत, आणि बोलते आहे. एका हातात गाठ तयार आहे, पण आवळलेली नाही. आपांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. “हिच्या हातात बांगडी न्हाई,” एवढंच म्हणाल्या. पल्लवीनं तिथल्या तिथे पेन्सिलीनं दोन काढल्या. आपांनी तो कागद पत्र्याच्या खोलीत आतल्या बाजूनं लावला.

मेडिकलला नंबर लागणार नाही, आणि आपल्याला लागायला नकोही आहे, हे पल्लवीनं घरी सांगितलं त्या दिवशी तिचे वडील होस्टेलवर आले. अंगणात उभे राहून बोलत होते. दोन वर्षं, नातेवाईक, गावात तोंड कसं दाखवू. आपांनी त्यांना खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भाऊ, बोला तुम्ही, मी ऐकते. पण एक सांगते. ही पोरगी घाबरलेल्या माणसाला तीन मजले खाली आणू शकती. हिची काळजी करू नका.” पल्लवी पुण्याला चित्रकला शिकायला गेली. मला दुसऱ्या प्रयत्नात नांदेडला प्रवेश मिळाला. मी निघाले तेव्हा आपांनी माझा हात पाहिला, मान हलवली आणि हिरव्या बांगड्या भरल्या. डॉक्टरीण झाल्यावर काचेच्या बांगड्या घालता येत नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

नंतर होस्टेल मालकांनी विकलं आणि आपा भावाकडे, पुनर्वसनाच्या गावी राहायला गेल्या. साखरेनं त्यांच्या किडन्या खाल्ल्या. तपासणीला नांदेडला आल्या की माझ्याकडे यायच्या. वॉर्डातल्या पेशंटांशी बोलत बसायच्या. मला म्हणायच्या, “तू लई कमी बोलून राहिली त्यांच्याशी. नुसत्या गोळ्या लिहिते.” मी म्हणायचे, वेळ नसतो आपा. ‘बरं’ म्हणून त्या पुढच्या पेशंटजवळ जाऊन बसायच्या. आता त्या नाहीत, तर राउंड संपल्यावर मी प्रत्येक खाटेशी थोडी थांबते. विशेष काही बोलता येत नाही मला. ‘मी आहे इथे, संध्याकाळी पुन्हा येते,’ एवढं म्हणते. आणि संध्याकाळी जाते.

आपा गेल्याचा फोन आला तो सकाळी. मी पल्लवीला कळवलं. ती पुण्याहून निघाली. आम्ही दोघी त्या गावी पोचलो, तेव्हा पुरुषमंडळी दफन करून परतत होती. ओळीत एकसारखी घरं, सगळ्यांवर एकसारखी छपरं. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. आम्ही दारात उभ्या राहिलो. आपांच्या भावजयीनं आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्या उठून आल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुम्ही कोण आपांच्या?”

मी म्हणाले, “लातूरच्या होस्टेलच्या. मी नांदेडला डॉक्टर आहे. आणि ही पल्लवी.”

डॉक्टर या शब्दाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्यांनी पल्लवीकडे पाहिलं, मग आत वळून बसलेल्या बायकांना सांगितलं, “अगं, आपांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं ना, ती ही पोरगी.”

आणि भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या बायका सरकल्या. मधे आमच्यापुरती जागा झाली.